थंडीच्या पहाटे डिझेल गाडी सुरू न झाल्यास : हीटर प्लगची तपासणी व निगा

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका द्राक्षे, गहू व कांदा ह्या पिकांसाठी जसा सर्वश्रुत आहे, तसाच तो कडाक्याच्या थंडीसाठीही ओळखला जातो. डिसेंबर २०१८ मध्ये कुंदेवाडी येथील संशोधन केंद्रावर पारा दोन अंश सेंटिग्रेडच्या आसपास उतरला होता. अशी थंडी गव्हास मानवते, द्राक्षास बाधते, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु ह्या थंडीचा तडाखा आणखी एका वस्तूस बसतो व त्याचा विचार सहसा आधी केला जात नाही. ती वस्तू म्हणजे शेतकऱ्याची जुनी डिझेल गाडी होय.

हिवाळ्याच्या दिवसांत खरिपाचा लाल कांदा बाजारात येत असतो. हा कांदा उन्हाळी कांद्याप्रमाणे चाळीत साठवून ठेवता येत नाही. तो काढला की विकावा लागतो. माल रात्रीच भरून ठेवलेला असतो, पहाटे निघून लासलगावच्या लिलावास वेळेवर पोहोचावयाचे असते, आणि नेमकी त्याच वेळी गाडी सुरू होत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, शेजाऱ्यांस धक्का मारण्यासाठी उठवावे लागते, आणि इतके करून गाडी निघाली तरी लिलावाची वेळ टळून गेलेली असते. दूध, भाजीपाला व फुले ह्यांच्या बाबतीतही हीच अडचण येते. रात्री-अपरात्री घरातील आजाऱ्यास दवाखान्यात न्यावयाचे असेल, तर ह्या अडचणीचे स्वरूप अधिकच गंभीर होते.

अशा वेळी शेतकरी बंधू बहुधा प्रथम नवी बॅटरी घेतात. तिने काम झाले नाही तर सेल्फ दुरुस्त करवितात. तरीही गाडी अडली की "इंजिन बसले आहे, रिंगा बदलाव्या लागतील" असा सल्ला कोणीतरी देतो व हजारो रुपयांचा खर्च अंगावर येतो. वास्तविक अनेक प्रसंगी दोष असतो तो काही शंभर रुपये किमतीच्या हीटर प्लगमध्ये, किंवा त्यास वीज पुरविणाऱ्या एखाद्या जळलेल्या फ्यूजमध्ये. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत होते. यास्तव दोष नेमका कोठे आहे हे क्रमाने कसे शोधावे, ह्याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

डिझेल इंजिनास थंडी का बाधते?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटविले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा पिस्टनने जोराने दाबली जाते, दाबामुळे ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा पडताच ते आपोआप पेट घेते. सायकलीत हवा भरताना पंपाचे तोंड हाताला गरम लागते, त्याच तत्त्वावर हे इंजिन चालते. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याने असे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालवून दाखविले.

डिझेल आपोआप पेट घेण्यास सुमारे २१० ते २५० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. सुस्थितीतील गरम इंजिनात दाबलेल्या हवेचे तपमान ह्याच्या दुपटीहून अधिक होते, त्यामुळे दुपारी तीच गाडी चावी फिरविताच सुरू होते. पहाटे मात्र परिस्थिती सर्वस्वी निराळी असते. आत येणारी हवा थंड असते. सिलिंडरच्या भिंती थंड असल्याने दाबलेल्या हवेतील उष्णता त्या शोषून घेतात. घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन सावकाश फिरते, आणि जितके ते सावकाश फिरते तितका उष्णता निसटण्यास व रिंगांतून हवा गळण्यास अधिक वेळ मिळतो. ह्या सर्वांचा परिणाम होऊन हवेचे तपमान डिझेल पेटण्याच्या मर्यादेपर्यंत जेमतेम पोहोचते किंवा पोहोचतच नाही.

जुन्या जीप, पिकअप व लहान मालवाहू गाड्यांतील अनेक इंजिनांत डिझेलचा फवारा थेट सिलिंडरमध्ये न पडता हेडमधील एका लहानशा कप्प्यात पडतो. असा कप्पा बेंझ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज ह्या अभियंत्याने १९०९ साली योजिला. त्यामुळे इंजिनाचा धडधडाट कमी होतो; परंतु कप्प्याच्या भिंती उष्णता अधिक शोषतात, म्हणून असे इंजिन थंडीत सुरू करणे अधिक कठीण जाते. ह्यासाठी प्रत्येक कप्प्यात विजेवर तापणारी एक कांडी बसविलेली असते. तिलाच ग्लो प्लग अथवा आपल्याकडील मेकॅनिकच्या भाषेत हीटर प्लग म्हणतात. मोठे मालट्रक व बहुतेक ट्रॅक्टर ह्यांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते. त्यांपैकी बहुतेकांत असे प्लग नसतात. सबब आपल्या गाडीस प्लग आहेत की नाहीत, हे प्रथम माहितीपुस्तकावरून अथवा जाणत्या मेकॅनिककडून समजून घ्यावे.

प्रथम धूर पाहावा

पाना हाती घेण्यापूर्वी गाडीच्या मागे एका माणसास उभे करावे व सेल्फ मारताना सायलेन्सरमधून काय बाहेर पडते ते पाहण्यास सांगावे. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धे निदान होते.

पांढरा वा करडा, डोळ्यांस झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल, तर डिझेल आत पोहोचत आहे, परंतु ते पेटत नाही असे समजावे. अशा वेळी हीटर प्लग, इंजिन फिरण्याचा वेग व इंजिनाचा दाब ह्यांची ह्याच क्रमाने तपासणी करावी.

धूर मुळीच येत नसेल, तर डिझेलच आत पोहोचत नाही. मग प्लग बदलून काहीही लाभ होणार नाही. टाकीतील डिझेल, चोंदलेला फिल्टर, पाइपात शिरलेली हवा व डिझेल बंद करणारा सोलेनॉइड ह्यांकडे लक्ष द्यावे. डिझेल पंपावरील सोलेनॉइडची तार निसटली असेल, तर इतर सर्व ठीक असूनही गाडी सुरू होणार नाही.

इंजिन फिरतच नसेल किंवा कण्हत फिरत असेल, तर बॅटरी, तिच्या तारा व सेल्फ ह्यांची तपासणी आधी करावी.

बॅटरीचे बळ

प्लग व सेल्फ दोन्ही एकाच बॅटरीवर अवलंबून असतात. चार प्लग मिळून सुमारे ४० ते ५० अँपिअर वीज ओढतात, व त्यापाठोपाठ सेल्फ त्याच्या कित्येक पट वीज ओढतो. थंडीत बॅटरीची शक्तीही घटते. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर पूर्ण भारलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या सुमारास असतो, तो १२.२ व्होल्ट भरल्यास बॅटरी निम्मी उतरली आहे असे समजावे. सेल्फ मारत असताना हा दाब साधारणतः ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

नवी बॅटरी घेण्यापूर्वी टर्मिनलवर जमलेला पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्याने धुऊन काढावा, टर्मिनल घासून घट्ट बसवावीत व त्यांवर व्हॅसलिन लावावे. इंजिनापासून चासिसला जाणारी अर्थची पट्टी सोडवून तिची दोन्ही टोके स्वच्छ करावीत. गंजलेली अर्थची पट्टी चांगल्या बॅटरीसही निकामी भासविते, हा अनुभव वारंवार येतो.

हीटर प्लगची तपासणी

चावी फिरविल्यावर डॅशबोर्डवरील हीटरचा दिवा लागतो व काही सेकंदांनी विझतो. हा दिवा लागला म्हणजे प्लग तापले, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. पुष्कळ गाड्यांत तो दिवा केवळ किती वेळ थांबावयाचे एवढेच सांगतो. चारही प्लग जळून गेले असले तरी तो नेहमीप्रमाणे लागतो व विझतो.

तपासणीस फारशी साधने लागत नाहीत. इंडिकेटरचा २१ वॅटचा, १२ व्होल्टचा एक बल्ब, त्यास जोडलेल्या दोन तारा व तारांच्या टोकांस चिमटे एवढे पुरेसे आहे. तपासणी इंजिन थंड असताना करावी, कारण काही गाड्यांत इंजिन गरम असल्यास प्लगांस वीजच सोडली जात नाही.

पहिली पायरी अशी. चारही प्लगांच्या डोक्यांस जोडणारी धातूची एक पट्टी असते. बल्बची एक तार त्या पट्टीस व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूस जोडावी आणि दुसऱ्या माणसास चावी हीटरच्या जागी फिरविण्यास सांगावे. बल्ब प्रकाशमान झाला तर पट्टीपर्यंत वीज पोहोचत आहे. न लागल्यास दोष प्लगांच्या अलीकडे, म्हणजे फ्यूज, रिले, तारा अथवा चावीच्या स्विचमध्ये आहे.

दुसरी पायरी. चावी बंद करून पट्टी काढून घ्यावी. बल्बची एक तार बॅटरीच्या धन टर्मिनलास जोडावी व दुसरी तार पाळीपाळीने प्रत्येक प्लगच्या डोक्यास टेकवावी. ज्या प्लगवर बल्ब लागेल त्याची आतील तार शाबूत आहे. ज्यावर लागणार नाही तो जळला आहे. ही तार इतर धातूस लागू देऊ नये. मल्टीमीटर असल्यास अधिक नेमकी तपासणी होते. चांगल्या थंड प्लगचा रोध साधारणतः अर्धा ते दीड ओहम इतका अल्प असतो. जळलेल्या प्लगमधून वीजच जात नाही. चारांपैकी तिघांचे आकडे सारखे व एकाचा बराच निराळा आला, तर तो निराळा प्लग सदोष समजावा.

ह्या तपासणीचे फलित वाचताना एक नियम ध्यानात ठेवावा. प्लग एकाएकी, सर्व एकाच दिवशी, क्वचितच जळतात. काल गाडी व्यवस्थित सुरू झाली व आज चारही प्लग थंड आढळले, तर संशय फ्यूज वा रिलेचा घ्यावा. उलट गेल्या काही आठवड्यांपासून गाडी थोडी थोडी अधिक वेळ घेत असेल, सुरू झाल्यावर क्षणभर लंगडत असेल व पांढरा धूर सोडत असेल, तर एकामागून एक प्लग जळत गेले आहेत असे अनुमान करावे. एक प्लग जळला तरी गाडी रडतखडत सुरू होते, म्हणून मालक दुर्लक्ष करतो. दोन जळले की पहिल्या कडाक्याच्या थंडीतच ती अडते.

फार जुन्या काही गाड्यांत प्लग एकामागे एक, माळेतील मण्यांप्रमाणे जोडलेले असतात व डॅशबोर्डवर तांबूस तापणारी एक छोटी तार असते. ह्या रचनेत एक प्लग जळला की सर्वच बंद पडतात व डॅशबोर्डवरील तार तापत नाही. अशा गाडीत वर सांगितलेल्या बल्बच्या तपासण्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत. सर्व जोडण्या सोडवून प्रत्येक प्लग स्वतंत्रपणे मल्टीमीटरने तपासावा. हे प्लग एक-दोन व्होल्टांवर चालणारे असतात, म्हणून त्यांच्या जागी १२ व्होल्टी प्लग, अथवा १२ व्होल्टींच्या जागी हे प्लग कदापि बसवू नयेत.

प्लग काढताना घ्यावयाची काळजी

अनेक वर्षे न काढलेला प्लग काजळीने हेडमध्ये घट्ट धरलेला असतो. जोर केल्यास तो मोडतो, आणि त्याचे टोक आत पडले तर हेड उतरविण्याची पाळी येते. यास्तव आदल्या दिवशी प्लगच्या बुडाशी गंज सोडविणारे तेल टाकून ठेवावे. दुसऱ्या दिवशी इंजिन गरम करून, नंतर बंद करून, योग्य मापाच्या पान्याने प्लग हळूहळू मागे-पुढे फिरवीत सोडवावा. तो अडून बसल्यास हट्ट न धरता ते काम कुशल मेकॅनिककडे सोपवावे.

नवा प्लग घेताना जुन्यावरील क्रमांक व व्होल्टचा आकडा ताडून पाहावा. बसविण्यापूर्वी भोकातील काजळी साफ करावी, व प्लग माहितीपुस्तकात दिला असेल तेवढाच आवळावा. एक प्लग गेला व बाकीचे त्याच वयाचे असले, तर चारही एकदम बदलणे शहाणपणाचे ठरते.

काढलेल्या प्लगचे टोक नीट न्याहाळावे. ते फुगले वा वितळले असल्यास नुसता प्लग बदलून भागणार नाही. एकाच प्लगचे टोक जळाले असेल तर त्या सिलिंडरचे नोझल फवारा न मारता धार सोडत असावे. सर्वांचीच टोके जळाली असतील, तर रिले चिकटून राहिल्याने गाडी चालू असतानाही प्लग तापत राहिले असावेत, अथवा इंजिनाचा टायमिंग बिघडला असावा. कारण दूर केले नाही तर नवे प्लगही त्याच वाटेने जातील.

प्लग चांगले असूनही गाडी अडल्यास

पाइपाच्या सैल जोडातून अथवा चिरलेल्या वॉशरमधून रात्रभर हवा शिरते व डिझेल टाकीकडे परतते. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागणे व सुरू झाल्यावर इंजिन अडखळणे, ही त्याची खूण होय. हातपंपाने हवा काढल्यावर गाडी तत्काळ सुरू झाली, तर दोष हाच आहे. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी वेळोवेळी सोडावे.

फार थंडीत डिझेलमधील मेण गोठून फिल्टर चोंदतो. भारतीय मानक १४६० नुसार डिझेलची फिल्टर चोंदण्याची मर्यादा हिवाळ्यासाठी कमाल ६ अंश व उन्हाळ्यासाठी १८ अंश ठरविलेली आहे. उन्हाळ्यात पिंपात साठविलेले डिझेल कडक थंडीत वापरू नये, ते ह्याचसाठी.

ऑइल माहितीपुस्तकात सांगितलेल्या दर्जाचेच वापरावे. गळती थांबविण्यासाठी अधिक दाट ऑइल घालण्याची प्रथा आहे. अशा ऑइलाने हिवाळ्यात इंजिन फिरण्यास जड होते. हे सर्व ठीक असूनही पांढरा धूर कायम राहिला, तर वाल्वची सेटिंग, नोझल व शेवटी इंजिनाचा दाब दाबमापकाने तपासून घ्यावा. दाब न मोजता केवळ अंदाजाने इंजिन उघडण्यास संमती देऊ नये.

हे कदापि करू नये

ईथरचा फवारा अथवा पेट्रोलमध्ये भिजविलेले फडके हवेच्या तोंडाशी धरून गाडी सुरू करण्याची युक्ती काही जण सांगतात. तापलेले प्लग असलेल्या इंजिनात ह्यासारखी घातक गोष्ट नाही. ते मिश्रण अवेळी भडकते, पिस्टन व रिंगा मोडतात व धरणाऱ्याचा हात भाजतो. ऑइलच्या चेंबरखाली किंवा टाकीखाली जाळ करणे हेही तितकेच धोक्याचे आहे. गाडीजवळ कडबा, बारदान वा चारा असेल, तर सारे खळे पेटावयास विलंब लागणार नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नये. त्याचा धूर विषारी असतो.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये व दोन प्रयत्नांमध्ये किमान एक मिनिट थांबावे. त्या अवधीत प्लग पुन्हा तापवावेत. जुन्या पद्धतीच्या कांडीस लाल व्हावयास सुमारे १५ ते ३० सेकंद लागतात. घाईने चावी फिरविल्यास चांगले प्लगही निरुपयोगी ठरतात. रेडिएटर व पाइप सुस्थितीत असतील, तर त्यातील थंड पाणी काढून कोमट पाणी भरणे हा मात्र जुना, साधा व निर्धोक उपाय आहे. उकळते पाणी थंड इंजिनात ओतू नये. रेडिएटरात कूलंट असल्यास ते स्वच्छ भांड्यात काढून ठेवावे व नंतर पुन्हा भरावे.

तपासणीचा मुहूर्त

दसऱ्यास आपण गाडी धुतो, तिला हार घालतो व तिची पूजा करतो. थंडी त्यानंतर काही आठवड्यांनी येते. पूजेपूर्वीच बल्ब लावून चार प्लग पाहावेत, बॅटरीचे पाणी व टर्मिनले तपासावीत, अर्थची पट्टी घासावी व डिझेल फिल्टर बदलावा. अर्ध्या दिवसाच्या ह्या कामाने पुढील चार महिन्यांच्या पहाटा निर्वेध जातील. मोटारीच्या कामाची आवड असलेल्या गावातील एखाद्या तरुणाने ही तपासणी शिकून घेतल्यास आळीतील सर्व जुन्या गाड्यांचे काम एका दिवसात उरकेल.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पिकावर रोग दिसला की आपण प्रथम पान उलटून पाहतो, कीड ओळखतो व मगच औषध निवडतो. गाडीच्या बाबतीतही हीच रीत अवलंबावी. आधी धूर पाहावा, मग बॅटरी, मग प्लग, मग डिझेल, आणि सर्वांत शेवटी इंजिन. ह्या क्रमाने गेल्यास बहुतेक वेळा इंजिनापर्यंत जाण्याची पाळी येत नाही, आणि शेतात पिकविलेला माल योग्य वेळी योग्य बाजारात पोहोचतो.